मेणाचा चेहरा

मोत माउलीची जत्रा आणि पाऊस ह्यांचे नाते आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. सांताक्रूझहून बांद्रा काही दूर नाही. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या काळात कुटुंबेच्या कुटुंबे पायी निघत, वाटेत रोझरी म्हणत, आणि डोंगर चढताना अंगावरचे कपडे घामाने भिजले की पावसाने, हे कुणालाच सांगता येत नसे. 2024 साली पवित्र मरियेच्या जन्माचा सण, 8 सप्टेंबर, नेमका रविवारी आला. शेजारच्या गल्ल्यांत आदल्याच दिवशी गणपती बसले होते. एकीकडे ताशे, दुसरीकडे नोव्हेना, आणि मधून वाहणारी सांताक्रूझची वाहतूक!

जत्रेतील एक गोष्ट आम्हांला नेहमी विचारात पाडते. माउलीच्या वाटेवर मेणाचे अवयव विकायला मांडलेले असतात. हात, पाय, डोळे, हृदय, पोट, तान्हे बाळ. अलीकडे मेणाची घरे आणि विमानेही मिळतात. ज्याला जे दुखते ते त्याने विकत घ्यावे, माउलीच्या पायाशी ठेवावे, आणि आपल्या भाषेत तिच्याशी बोलावे. ह्यात काही कुणाला किळसवाणे वाटत नाही. परंतु क्षणभर आपण परके होऊन पाहावे: माणसाच्या देहाचे तुकडे टोपलीत मांडले आहेत आणि भाविक ते निवडून घेत आहेत!

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मिस्सा आटोपून आम्ही कार्यालयात आलो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण प्लास्टिकच्या पिशवीत असाच एक मेणाचा चेहरा घेऊन बसला होता. "मम्मीने पाठवलाय, फादर. डोंगरावर न्यायच्या आधी आशीर्वाद द्या म्हणाली. तिला जबडा पाहिजे होता. जबडा नाही मिळत, म्हणून अख्खा चेहराच घेतला."

आम्ही प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडले. पिशवीची गाठ मारता मारता तो सहज म्हणाला, "शुक्रवारी 'तुंबाड' पुन्हा लागतोय. येता का, फादर?"

ह्या मुलाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. लहानपणी तो आमच्या वेदीवर सेवा करीत असे. आता अंधेरीच्या एका कार्यशाळेत चित्रपटांसाठी खोट्या जखमा, खोटी कातडी, भाजलेले हात, म्हातारपणाच्या सुरकुत्या तयार करतो. सिलिकॉन, फोम, रंग आणि केस हे त्याचे साहित्य. त्या धंद्यात ह्याला 'प्रॉस्थेटिक' म्हणतात. देहाची विटंबना दाखवणारे जे चित्रपट असतात, ज्यांना ही मुले 'बॉडी हॉरर' म्हणतात, त्यांचा तो विलक्षण भोक्ता. आमच्या पिढीला भयपट म्हणजे रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (1984). तिथे भय बाहेरून येई. जुनी हवेली, करकरणारे दार, दारामागे सैतान. दार लावून घेतले की सुटका. ह्या दुसऱ्या जातीच्या चित्रपटांत दारच नसते. भय कातडीच्या आत असते, आणि कातडी सोडून माणूस जाणार कुठे?

'तुंबाड' प्रथम आला तो 12 ऑक्टोबर 2018 रोजी. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा आरंभ त्याने झाला होता. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. 'थँक यू मिस्टर ग्लाड' आणि 'हमिदाबाईची कोठी' लिहिणारे अनिल बर्वे हे त्यांचे वडील. तेव्हा मराठी वाचकांना घराणे परके नाही. 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने नारायण धारपांची एक कथा सांगितली, तिची धास्ती मनात राहिली, 1997 मध्ये पहिला खर्डा झाला, 2012 मध्ये चित्रीकरण सुरू झाले, आणि पुढे पुष्कळसे पुन्हा करावे लागले. एका भयाच्या मागे माणूस पंचवीस वर्षे लागतो, ही गोष्ट आम्हांला चित्रपटापेक्षाही अधिक चमत्कारिक वाटली. पहिल्या वेळी चित्रपटगृहांत त्याला बेताचेच यश लाभले. सहा वर्षांनी, 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा लावला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. त्याच सुमारास निर्माते व नायक सोहम शाह ह्यांनी दुसरा भाग जाहीर केला, आणि बर्वे ह्यांनी कळवले की तो भाग आपण करणार नाही. आपल्या मनातील त्रयीचा पुढचा चित्रपट 'पहाडपांगिरा' असेल. पहिल्यात लोभी पुरुषसत्तेची परिसीमा, दुसऱ्यात स्त्रीवादाची पहाट, असा काहीसा त्यांचा संकल्प. आमचा तरुण ह्या बातमीने एकाच वेळी हिरमुसला होता आणि हरखलाही होता. हरखला तो दिग्दर्शक परत येणार म्हणून.

"आणि कॅनडाचा म्हातारापण परत येतोय," तो म्हणाला. "क्रोननबर्ग. त्याचा 'द श्राऊड्स' मे महिन्यात कानला दाखवला. इथे कधी बघायला मिळेल कोण जाणे."

त्या नावाने आम्हांला पस्तीसेक वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली. गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत आम्ही शिकत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलो असता शेजारच्या मुलांनी भाड्याने व्हीसीआर आणला आणि 'द फ्लाय' ह्या चित्रपटाची कॅसेट लावली. डेव्हिड क्रोननबर्गचा 1986 चा चित्रपट. एक शास्त्रज्ञ स्वतःवर प्रयोग करतो, यंत्रात त्याच्यासोबत एक माशी शिरते, आणि दोघांचे रक्तमांस एक होऊन तो हळूहळू माणूसपणातून उतरत जातो. पाठीवर राठ केस उगवतात, दात पडतात. ते रंगकाम करणाऱ्या दोघांना पुढे ऑस्कर मिळाले, हे आम्हांला ह्या मुलाकडून कळले. तो शास्त्रज्ञ आरशासमोर उभा राहून आपले नख उपटतो, त्या ठिकाणी आम्ही उठलो आणि संध्याकाळच्या रोझरीची वेळ झाली असे म्हणून बाहेर पडलो. रोझरी तासाभरापूर्वीच झाली होती. भावी धर्मगुरूचे हे असत्य त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले नाही.

तेव्हा त्या संध्याकाळी कार्यालयातही आम्ही तोच मार्ग धरला. "अरे, आम्हांला असले काही पाहवत नाही," असे हसत म्हणालो.

तो हसला नाही. पिशवी हातात घेऊन उभा राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "ते ठाऊक आहे, फादर. तुम्ही पपांकडेपण बघत नाही."

पुढे काही न बोलता तो गेला. त्याच्या आवाजात राग असता तर आम्हांला बरे वाटले असते.

त्याचे वडील विमानतळाच्या मालवाहू विभागात काम करीत. तंबाखू आणि चुना रोजचा. जबड्याचा कर्करोग निघाला. परळच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. डाव्या बाजूचा खालचा जबडा काढला आणि गालाचे भगदाड बुजवण्यासाठी छातीचे स्नायू व कातडी वर वळवून तिथे शिवली. ही नेहमीची पद्धत आहे. दीड वर्षाने रोग उलटला. गालाला एक छिद्र पडले आणि त्यातून लाळ गळू लागली. तोंडाने खाणे बंद झाले. नाकातून जठरात जाणारी राईल्स ट्यूब, आणि तिच्यातून दर दोन-तीन तासांनी पातळ पेज, दूध, औषधे.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही धर्मग्रामातील आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेतो. त्या घरी जाताच बाई लगबगीने नवऱ्याच्या मानेभोवती स्वच्छ टॉवेल गुंडाळीत. तरी वास राहतोच. ज्यांनी अशी शुश्रूषा केली आहे त्यांना आम्ही काय म्हणतो ते समजेल. पवित्र भाकर त्यांना गिळता येत नव्हती. अशा रुग्णाला केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देण्याची मुभा पवित्र सभेने दिलेली आहे. म्हणून आम्ही लहान कुपीतून पवित्र रक्त नेत असू. काही थेंब नळीतून, मागून थोडे पाणी. हे सारे आम्ही नियमाप्रमाणे केले. प्रार्थनेतील एक शब्द गाळला नाही. परंतु मुलाने म्हटले ते खरे होते. प्रार्थना म्हणताना आमची दृष्टी त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे असे. तिथे येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती. आमच्या बहुतेक घरांत असते तशीच: छाती उघडी, हृदय बाहेर, त्याभोवती काटे, भाल्याची जखम, जखमेतून ठिबकणारे रक्त. एका माणसाचा फाटलेला गाल पाहवेना म्हणून आम्ही दुसऱ्याच्या फाटलेल्या छातीकडे पाहत उभे राहत होतो, आणि ह्यात काही विसंगत आहे असे वर्षभर आम्हांला वाटले नव्हते.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आमच्या धर्माने देहाला कधी झाकून ठेवले नाही, ह्याचा विचार करीत राहिलो. संत बार्थोलोम्यूची सोललेली कातडी त्याच्याच हातात देणारे शिल्पकार आम्हीच पोसले. संत लूसीचे डोळे तबकात, संत सेबास्तियनच्या अंगात बाण. आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर दिले, त्याआधी त्याचा व त्याच्या सोबत्यांचा डावा कान कापून त्यांना गावोगाव फिरवले होते. ही कथा आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात सात वर्षांच्या मुलांना सांगतो आणि ती मुले डबा खात ऐकतात. त्याच वर्षी, 21 नोव्हेंबरपासून, गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या देहाचे दर्शन होते. आमच्या धर्मग्रामातून जाणाऱ्या बसच्या जागांची नोंदणी आमच्याच मेजावर चालू होती. 1552 साली चीनच्या किनाऱ्यावर मरण पावलेल्या माणसाचा तो देह. चुन्यात पुरलेला, मलाक्काहून 1554 मध्ये गोव्याला आणलेला. उजवा हात 1614 साली कापून रोमला नेला. एका भाविक बाईने पायाचे बोट दातांनी तोडून घेतले अशी परंपरेची कथा आहे. हे सारे भक्तिभावाने पाहणारे आम्ही, ह्या मुलाच्या चित्रपटांना बीभत्स म्हणावे तरी कोणत्या तोंडाने?

आणि ज्या मिस्साबलिदानाला आम्ही रोज उभे राहतो त्याविषयी काय म्हणावे? आरंभीच्या शतकांत रोमन लोकांनी ख्रिस्ती लोकांवर नरमांसभक्षणाचा आळ घेतला होता, आणि अथेनागोरास, मिनुसियस फेलिक्स ह्या लेखकांना तो खोडून काढावा लागला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने आपल्या देहाविषयी सांगितल्यावर पुष्कळ शिष्य त्याला सोडून गेले. त्यांना ते शब्द कठीण वाटले. आम्हांला ते आता कठीण वाटत नाहीत, कारण आम्ही ते सवयीने ऐकतो. सेमिनरीत आम्ही तेर्तुलियन वाचला होता. देह ही तारणाची बिजागरी आहे ह्या त्याच्या विचारावर परीक्षेत चांगले गुणही मिळवले होते. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी 1979 ते 1984 ह्या काळात बुधवारच्या भेटींत देहाच्या ईश्वरविद्येवर जी व्याख्याने दिली, ती आमच्या कपाटात आहेत. सारे आहे. फक्त एका टॉवेलाखालचा गाल पाहण्याचे धैर्य तेवढे नव्हते.

पुढच्या आठवड्यात एका सकाळच्या खेळाला आम्ही त्या मुलासोबत गेलो. साधा सदरा घातला होता. तरी तिकीट फाडणाऱ्याने "गुड मॉर्निंग, फादर" म्हटलेच. सांताक्रूझमध्ये लपणे सोपे नाही.

'तुंबाड' विषयी सविस्तर लिहिण्याचे हे स्थळ नव्हे. कोकणातला अखंड पाऊस, पडका वाडा, शापित देव हस्तर आणि त्याच्या सोन्याच्या मोहराचा लोभ. ज्यांना देहाचा भयपट म्हणजे निव्वळ चिखलरक्त वाटते त्यांनी त्यातील आजी पाहावी. शापाने तिला मरण नाही. साखळदंडाने बांधलेली, सडत चाललेली, आणि हस्तरचे नाव घेतले की झोपी जाणारी. घरातल्या मुलांनी तिला भरवायचे. काही वर्षांनी नातू परत येतो तेव्हा तिच्या देहातून एक झाड उगवलेले असते आणि ती अजून जिवंत असते. ती त्याच्याकडे एकच मागते, सुटका. तो नातू आपला लाभ आधी पाहतो आणि मग तिला अग्नी देतो. कोणत्या म्हाताऱ्या आजारी माणसाच्या खोलीत हे घडत नाही? मालमत्तेचे कागद आधी, मग पाणी. आम्ही तीस वर्षांत अशा किती खाटांजवळ उभे राहिलो आहोत!

त्या प्रसंगी आम्ही चष्मा काढला आणि रुमालाने पुसू लागलो. पुष्कळ वेळ पुसला.

शेवटी तो लोभी बापच शापाने विद्रूप होतो आणि आपल्या मुलापुढे सोने धरतो. मुलगा ते घेत नाही; बापाला तो अग्नी देतो. हा मुलगा आणि ती आजी, दोन्ही कामे मोहम्मद समद ह्या एकाच बालनटाने केली आहेत, असे आमच्या सोबत्याने आधी सांगून ठेवले होते. ह्या प्रसंगाला तो पडद्याकडे पाहत होता, आम्ही त्याच्याकडे. त्याने मान वळवली नाही. दिवे लागल्यावर मात्र लगेच उभा राहिला आणि म्हणाला, "त्या झाडाचं काम बघितलंत? साल कुठे संपते आणि कातडी कुठे सुरू होते ते कळत नाही."

रिक्षात त्याने 'द फ्लाय' मधला पुढचा भाग सांगितला, जो पाहायला आम्ही पस्तीस वर्षांपूर्वी थांबलो नव्हतो. त्या शास्त्रज्ञाचा कान गळून पडतो. त्याच्यावर प्रेम करणारी बाई समोर उभी असते. ती भयभीत आहे. आणि तरी ती पुढे होऊन त्याला मिठी मारते. "तो सीन नसता ना, फादर, तर मी ह्या लाइनमध्ये आलोच नसतो." क्रोननबर्गला लोकांनी विचारले, हा चित्रपट त्या काळच्या एड्सविषयी आहे का? त्याने उत्तर दिले की तो त्याहून व्यापक आहे. म्हातारपण, आजार आणि मरण ह्यांविषयी आहे.

4 ऑक्टोबर हा त्या महिन्याचा पहिला शुक्रवार होता, आणि आसिसीच्या संत फ्रान्सिसचा सणही. महारोग्याचे चुंबन घेणाऱ्या त्या संताविषयी सकाळी आम्ही प्रवचन केले होते. बरे झाले होते असे लोक म्हणाले. दुपारी त्या घरी गेलो. बाई टॉवेल घेऊन पुढे आल्या. आम्ही म्हणालो, "राहू द्या." त्यांनी मुलाकडे पाहिले, मुलाने खाली. आम्ही खुर्ची जवळ ओढली आणि बसलो.

काय पाहिले ते लिहिण्याचा मोह आम्ही आवरतो. ते त्या माणसाचे होते. एवढेच सांगतो की पहिले मिनिट कठीण गेले आणि मग डोळे दिसू लागले. त्यांना बोलता येत नसे. पाटीवर लिहून दाखवीत. आम्ही इतके निरखून पाहतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आले असावे. त्यांनी पाटी ओढून लिहिले: 'छातीचे केस तोंडात उगवतात.' आणि खाली: 'आतून दाढी करावी लागते.' हे खरेच होते. छातीची कातडी तोंडात लावली तरी तिला ते कळत नाही. ती आपला धर्म सोडत नाही. मुलगा मोठ्याने हसला, बापाचे खांदे हलले, आणि बाई रागावून म्हणाल्या, "फादरांसमोर काय हे!" त्या दिवशी नळीतून पवित्र रक्ताचे थेंब देताना आमचा हात थरथरला, तो किळसेने नव्हे.

तेव्हापासून आम्ही त्या घरी महिन्याला चारदा जाऊ लागलो. मुलगा कामावरून आला की क्रोननबर्गचा विषय निघे. आम्हांला ह्या दिग्दर्शकाविषयी काही आक्षेप आहेत आणि ते आम्ही लपवले नाहीत. तो टोरोंटोच्या यहुदी घरात वाढलेला, स्वतःला उघड नास्तिक म्हणवणारा. लोकांना डिवचणे हा त्याच्या कलेचा एक भागच. 1996 साली त्याच्या 'क्रॅश' ह्या चित्रपटाने कानमध्ये असा गदारोळ माजवला की परीक्षकांनी त्याला धाडसाबद्दल विशेष पारितोषिक दिले आणि काही प्रेक्षकांनी छी-थू केली. तो चित्रपट आम्ही पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. आमच्या वाचकांनाही शिफारस करीत नाही. 1999 च्या 'एक्झिस्टेंझ' नंतर पुष्कळ वर्षे त्याने देहाचा हा प्रांत सोडून दिला होता. 2022 साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, 'क्राइम्स ऑफ द फ्यूचर' घेऊन तो परतला, तेव्हा त्याने महोत्सवाआधीच सांगून टाकले की पहिल्या पाच मिनिटांत लोक उठून जातील. आमचा तरुण त्या बातमीने किती दिवस नाचत होता ते त्याच्या आईकडून ऐकावे.

तो चित्रपट त्याने आम्हांला आपल्या संगणकावर दाखवला; मधले काही भाग पुढे सरकवून, आमच्या वस्त्राचा मान राखून. भविष्यातल्या जगात माणसांना वेदना होईनाशी झाली आहे. एका कलावंताच्या पोटात नवनवे अवयव उगवतात आणि त्याची सहकारी ते प्रेक्षकांसमोर कापून काढते. लोक शस्त्रक्रियेकडे भोगाच्या नजरेने पाहतात. आमची किळस इथे परतली, आणि ती परतली ह्याचे आम्हांला वाईट वाटले नाही. वेदना नाहीशी झाली की देह खेळणे होतो, असे तो म्हातारा म्हणतो आहे की त्या खेळात स्वतःच रमला आहे? आम्हांला दोन्ही वाटले. मुलाशी ह्यावर वाद झाला. तो म्हणाला, "फादर, तुम्ही सगळ्यांत शेवटी पाप शोधता." आम्ही म्हणालो, "शेवटी नव्हे, आधीच शोधतो." परंतु त्याचा अखेरचा क्षण विसरता येत नाही. तो कलावंत, ज्याला अन्न गिळणे असह्य झालेले आहे, तो आयुष्यभर ज्याला भीत आला ते एक वेगळेच अन्न तोंडात घेतो. चेहरा जवळून दिसतो, वर पाहणारा, डोळ्यांत पाणी. पुष्कळांना त्यावरून ड्रायर ह्या दिग्दर्शकाची 1928 ची जोन ऑफ आर्क आठवली. व्हॅटिकनने 1995 साली सिनेमाच्या शताब्दीनिमित्त जी 45 चित्रपटांची यादी काढली, तीत ती जोन आहे. आम्हांला मात्र दुसराच चेहरा आठवला. मुलगाही आमच्या बाजूला बसून त्याच चेहऱ्याचा विचार करीत होता; पलीकडच्या खोलीत त्याच वेळी नळीतून पेज चालली होती.

फेब्रुवारी 2025 मध्ये, भस्मबुधवारच्या काही दिवस आधी, ते गेले. रुग्णाभ्यंग संस्कार आम्हीच दिला. कपाळाला तेल लावले, हातांना लावले, आणि मग नियमात नसताना त्या गालालाही बोट लावले.

आमच्या मुंबईच्या दफनभूमीचे एक दुःख आहे आणि धर्मगुरूंना ते चांगले ठाऊक असते. जागा अपुरी. थोड्या वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडावी लागते, अस्थी काढून भिंतीतल्या कप्प्यात ठेवाव्या लागतात. आणि कधी कधी कबर उघडावी तर देह मातीला मिळालेलाच नसतो. कबर खणणारा आमचा माणूस म्हणतो, "फादर, पॉलिएस्टरचा सूट, नायलॉनचे मोजे, पॉलिश केलेली पेटी, माती काय करणार?" म्हणून वसईत आणि मुंबईतही काही ठिकाणी शवपेटीविना, सुती कापडात गुंडाळून दफन करण्याची रीत पुन्हा सुरू झाली आहे. त्या बाईंनी तेच मागितले. मात्र एक इच्छा बोलून दाखवली: लोक अंत्यदर्शनाला येतील तेव्हा चेहरा पुरा दिसावा.

मुलाने रात्रभर बसून लग्नातल्या फोटोवरून बापाचा डावा गाल आणि जबडा सिलिकॉनमध्ये घडवला. सकाळी आम्ही घरी गेलो तेव्हा खाटेवर एक पुरा माणूस निजला होता. गालावर दाढीचे खुंट होते. एकेक केस टोचून लावलेला. शेजारीपाजारी रडत रडत म्हणत होते, आजार झालाच नव्हता असे वाटते. बाई त्या गालावरून हात फिरवीत बसल्या होत्या. आम्हांला, खरे सांगावे तर, आमचा माणूस सापडेना.

चर्चमधील विधी झाला. दफनभूमीत कापड बांधण्याआधी मुलगा वाकला, कडेला बोट घालून त्याने तो गाल हळूच सोडवला आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. आईने पाहिले. तो म्हणाला, "सिलिकॉन सडत नाही, मम्मी." मग बापाच्या उघड्या जखमेवरून सुती कापड ओढून घेतले. आम्ही माती टाकली.

'द श्राऊड्स' अमेरिकेत 18 एप्रिल 2025 रोजी प्रदर्शित झाला. तो गुड फ्रायडे होता. नाव ऐकताच कुणालाही प्रभूचे कफन आठवावे. परंतु गोष्ट निराळी आहे. एका उद्योजकाची पत्नी वारते. तो असे एक वस्त्र शोधून काढतो की जे गुंडाळून पुरलेला देह कबरीत कसा झिजत जातो ते आप्तांना वरच्या पडद्यावर पाहता यावे. क्रोननबर्गची स्वतःची पत्नी 2017 मध्ये वारली, त्या दुःखातून हे आले. ईस्टर झाल्यावर मुलगा भेटला तेव्हा आम्ही विचारले, ज्याची इतकी वाट पाहत होतास तो पाहिलास का? त्या नास्तिक म्हाताऱ्याशी आम्हांलाही थोडे भांडायचे होते. कबरीवर पडदा लावून बसणाऱ्याला पुनरुत्थानाच्या रविवारी काय सांगावे, ह्याची आम्ही काही तयारीही केली होती.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आत्ता नको, फादर. तो नंतर कधीतरी. बर्वेंचा 'पहाडपांगिरा' लागू दे, तेव्हा जाऊ आपण." दारापाशी जाऊन वळला. "आणि ह्या वेळी चष्मा पुसायचा असला तर आधीच पुसून घ्या."